तोंडओळख

क्लिफर्ड एन्टविसलने देवळाच्या छपराचे पैसे खाल्ले.
अकरा हजार पौंड, तीन वर्षांत, थोडे थोडे,
कुत्र्यांच्या शर्यतींवर.
हे आधीच सांगून टाकतो,
नाहीतर पुढचं ऐकताना तुम्हाला वाटेल
की त्याच्यावर आळ आला होता.
आळ नव्हता. त्यानंच खाल्ले.

ॲक्रिंग्टनला मी आलो एकाहत्तरच्या जानेवारीत,
जालन्याच्या मिशन कंपाउंडातून थेट विटांच्या भट्टीवर.
पहिल्या रविवारी देवळात
माझ्या बाकावर सहा जणांची जागा होती
आणि मी एकटा.
दोन गीतं झाली. वाईट कुणीच नव्हतं,
फक्त ज्याची त्याची जागा ठरलेली होती.
तिसऱ्या गीताच्या मध्यावर, गाणं न थांबवता,
लालबुंद कानांचा एक माणूस उठला,
मधली वाट ओलांडून आला,
माझं चुकीचं उघडलेलं पान
बोटानं बरोबर केलं,
आणि उपदेश सुरू झाल्यावर
खिशातली पेपरमिंटची गोळी
किल्लीनं फोडून
अर्धी माझ्या तळहातावर ठेवली.

त्यानंतर पन्नास वर्षं अर्धी गोळी.
भट्टी बंद पडली त्या शुक्रवारी.
शेवंताला मातीत ठेवलं तेव्हा,
पाळक पुस्तकातून वाचत असताना
माझ्या कोटाच्या खिशात त्याची बोटं शिरली
आणि रिकामी होऊन बाहेर आली.
एवढंच. तो फार कधी बोलला नाही.
हिशेबाबद्दलही नाही.

गोष्ट फुटली तेव्हा सभा बसली.
त्याला काढण्यासाठी हात वर झाले.
माझा वर गेला नाही, विरोधातही गेला नाही.
मांडीवर पडून राहिला
आणि मी त्याच्याकडे बघत बसलो,
जणू कुणी विसरून गेलेला हातमोजा.

मग मंगळवारी दुकानात, दूध आणि कांदे घेताना
गल्ल्यावरची ब्रेंडा म्हणाली,
"तो एन्टविसल. तुझा दोस्त ना रे तो?"
मागे रांग होती.
मी म्हणालो, "छे, तोंडओळख."
ती गप्पच होती, पुढचंही मीच बोललो,
"देवळात दिसायचा, तेवढाच."
दुकानात बोललो इंग्रजीत,
टोचलं मात्र मराठीत.
कोंबडा कुठला तिथे.
कांद्यांच्या पिशवीवर यंत्र टीक् म्हणालं
आणि मी सुटे पैसे मोजून घेतले.

पेत्र निदान बाहेर जाऊन रडला.
मी घरी येऊन कांदे चिरले
आणि सगळं श्रेय त्यांना दिलं.

गुरुवारी डब्यात धपाटे घेऊन त्याच्या दाराशी गेलो.
घंटा वाजवली. नाही उघडलं.
आत दिवा होता, पावलं होती.
गुडघा वाकत नाही, तरी पायरीवर बसलो.
लाल विटांची पायरी, आमच्याच भट्टीतली असेल.
टपालाच्या फटीचं झाकण उचललं
आणि आतल्या अंधाराला मंगळवार सांगितला.
रांग, कांदे, तो शब्द.
आमच्याकडे म्हणतात तसा, सुटा करून सांगितला,
तोंडाची ओळख.

बराच वेळ काही नाही.
मग अगदी जवळून, दाराला पाठ लावून बसल्यासारखा, आवाज आला,
"तोंडही ओळखू येणार नाही तुला आता, शांतवन.
महिनाभर दाढी केली नाही मी."

मी हसलो नाही. म्हणजे, लगेच नाही.
त्याला माफ केलंस का, ते मला विचारू नका.
व्यासपीठाशेजारी अजून बादली ठेवावी लागते,
तिच्यातला टपटपाट उपदेशावर मात करतो
आणि दर रविवारी माझी कानशिलं तापतात.

पण गुरुवार तो गुरुवार.
दार उघडत नाही, मी जातो.
धपाट्याची सुरळी करून फटीतून सरकवतो,
आतून ओढून घेतली जाते,
नीट, घाई न करता.

काल झाकण पहिल्यांदा आतून हललं.
काहीतरी बाहेर पडलं, माझ्या बुटाशी.
उचललं. लोकरीचा धागा चिकटलेला,
एका कडेला किल्लीचा ओरखडा.
पुसली, तोंडात टाकली.
पाऊस भुरभुरायला लागला होता.
देवळातली बादली रिकामी केली होती की नाही
ते काही केल्या आठवेना.